सप्लायर जुना झाला की तपासणी थांबते

बसा बसा, पुढं जागा आहे. दांडिया बाजारात पार्किंग शोधून इथवर आलात म्हणजे विषय तुमच्याही जिव्हाळ्याचा आहे. नवा सप्लायर घेताना आपण मुलीचं स्थळ बघावं तसं बघतो, कारखाना बघून येतो, जीएसटी नंबर तपासतो, चार जणांना विचारतो, आणि एकदा माल सुरू झाला की दहा दहा वर्षं ढुंकून बघत नाही. माझं म्हणणं, नव्यापेक्षा जुन्याला जास्त तपासा.

इथं बडोद्यात माकरपुरा जीआयडीसीत, औद्योगिक वसाहतीत, माझं छोटं फॅब्रिकेशन आहे, फार्मावाल्यांच्या स्टेनलेसच्या टाक्या करतो. एक पत्रेवाला, नाव नको, अकरा वर्षं माल द्यायचा, दिवाळीला खंभातची सुतरफेणी घेऊन घरी यायचा. 304 ग्रेडचं स्टेनलेस मागवलं की 304 यायचं. आमची तपासणी म्हणजे पोरगा लोहचुंबक लावणार, चिकटलं नाही की माल आत. एकदा हायड्रोटेस्टचं, म्हणजे टाकी गळते का बघायला भरलेलं, पाणी काढलं आणि दोन दिवसांनी टाकीत तांबूस डाग. मला वाटलं वेल्डरनं पिकलिंग, म्हणजे वेल्डची ॲसिडनं सफाई, नीट केली नाही, सगळ्यांसमोर त्याला बोललो, ते अजून सलतं. मग उरलेल्या तुकड्यावर टेस्टिंगच्या केमिकलचा थेंब टाकला, बॅटरी लावली, आणि थेंब बघता बघता लाल झाला. लाल म्हणजे 202, हलकं ग्रेड! 304 मध्ये निकेल 8 टक्क्यांच्या वर, 202 मध्ये 4 ते 6, बाकी मँगनीजवर भागवलेलं, आणि चुंबक दोन्हीला चिकटत नाही. म्हणजे अकरा वर्षं आम्ही तपासत होतो ते काहीच तपासत नव्हतो.

मालाचं सर्टिफिकेट होतं हो, पण त्यावरचा हीट नंबर, म्हणजे पत्रा कुठल्या भट्टीच्या घाण्यातला त्याचा नंबर, वेगळा आणि पत्र्यावर छापलेला वेगळा, जुळवतो कोण? टाकी भंगारात गेली. रात्री मी आणि बायको जुनी चलानं काढून बसलो तर वर्षभराच्या खुणा समोर, आधी माल चार दिवस उशिरा, मग आठ, सर्टिफिकेट "मागून पाठवतो", फोन आधी तो स्वतः घ्यायचा, नंतर त्याचा माणूस. समोर बसवून विचारलं तेव्हा कळलं, दोन पार्ट्यांकडे त्याचे पैसे अडकलेले, आणि आमच्याकडचंही बिल नव्वद दिवस पडून होतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत, तर भराभर सांगतो. आयएसओ 9001, म्हणजे गुणवत्तेच्या मानकाचं, 8.4 कलम निवडीबरोबर देखरेख आणि पुन्हा मूल्यमापनही मागतं, आपण निवडीचा फॉर्म भरतो आणि बाकीचं ऑडिटच्या आदल्या रात्री. साधी वही करा, कबूल तारीख, आलेली तारीख, किती परत गेलं, हीट नंबर जुळला का, बस. दर महिन्याला जीएसटी पोर्टलवरचं 2बी स्टेटमेंट बघा, त्यानं रिटर्न भरणं लांबवलं तर आपलं जीएसटीचं क्रेडिट लटकतं आणि त्याचा हात तंग असल्याचा अंदाजही तिथंच येतो. दर तीन महिन्यांनी वही त्याला दाखवा, भांडायला नाही, त्याचीही बाजू असते, कधी ड्रॉइंग आपणच उशिरा दिलेलं असतं. आणि बफिंग, मशीनिंगवाल्या छोट्या रजिस्टर्ड लोकांचे पैसे 45 दिवसांत द्या, 2006 चा एमएसएमई कायदा आहे, त्यातही लेखी ठरलेलं नसेल तर 15 दिवस.

त्या पत्रेवाल्याकडून आजही माल घेतो. प्रत्येक लॉटचा बोटभर तुकडा तारीख टाकून माझ्या टेबलाच्या खणात ठेवतो, थेंब त्याच्या माणसासमोरच टाकतो. हां, विचारा, मागच्या रांगेतून हात वर आहे.