स्टेशनातनं बाहेर पडलं की समोर इटली

नमस्कार मंडळी, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं रेडिओ लावून बसलेल्या सगळ्यांना. सीमा म्हटलं की आपल्याकडं घराघरात बोलायला काही ना काही असतंच, म्हणून आज तुम्हाला युरोपातल्या एका सीमेवरच्या गावात घेऊन जातो. गाव लहान, आपल्या ट्रॅव्हलवाल्यांच्या पॅकेजात सहसा नसतंय, आणि मला विचाराल तर तेच बरं आहे.

गावाचं नाव नोवा गोरित्सा, देश स्लोव्हेनिया. रेल्वेतनं उतरलं की 1906 ची दणकट जुनी स्टेशनची इमारत, दारातनं बाहेर आलं की एक मोठा चौक, आणि चौकाच्या पलीकडची जी घरं दिसतात ती इटलीत. गेट नाही, बॅरिकेड नाही, बॅग ओढत सरळ चालत गेलात की गोरित्सिया नावाचं दुसरं गाव सुरू. पहिल्यांदा येणारा माणूस तिथं गोंधळतोच, आपण नेमकं कुठल्या देशात उभं आहोत म्हणून.

झालं असं की महायुद्धानंतर 1947 साली नवी सीमा आखली, जुनं शहर, म्हणजे गोरित्सिया, इटलीकडं राहिलं आणि हे स्टेशन युगोस्लाव्हियाकडं गेलं, स्लोव्हेनिया तेव्हा त्याच देशाचा भाग होता. मग युगोस्लाव्हियानं 1948 पासून आपल्या बाजूला नवं शहरच बांधायला घेतलं, तेच हे नोवा गोरित्सा, रुंद रस्ते, झाडं, सरळसोट बिल्डिंगा. चौकातलं कुंपण 2004 ला निघालं, स्लोव्हेनिया युरोपियन युनियनमध्ये गेला त्या वर्षी. आता तिथं जमिनीत एक मोठी गोल तबकडी बसवलीय, बरोब्बर मधनं सीमा जाते, लोक एक पाय इकडं एक पाय तिकडं ठेवून फोटो काढतात आणि पुढच्या गाडीनं जातात निघून. तसं करू नका हं. स्टेशनातच सीमेचं छोटं म्युझियम आहे ते आधी बघा.

मग कोस्तान्येवित्साच्या टेकडीवर चढा, फार उंच नाही. तिथल्या मठाच्या तळघरात फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स पुरलाय. गादी गेल्यावर फिरत फिरत इथं आला आणि 1836 मध्ये गोरित्सियात कॉलऱ्यानं गेला. म्हणजे आजच्या हिशेबानं राजा मेला इटलीत आणि थडगं स्लोव्हेनियात! जवळच्या मिरेन गावात तर 1975 पर्यंत सीमा स्मशानभूमीतनं जात होती, कबरींच्या मधनं. नकाशावर रेघ मारणाऱ्यानं गावात पाऊल टाकलं असेल का हो?

पण मला सगळ्यात गंमत वाटली ती रोजच्या धावपळीची. इटलीच्या गाड्या पेट्रोल भरायला स्लोव्हेनियात येतात, तिकडं स्वस्त पडतं म्हणून, कोगनोळीच्या अलीकडं टाकी फुल्ल करून कोल्हापूरकडं जाणाऱ्या गाड्या आठवल्याच मला. शिवाय नोवा गोरित्सात कसिनो आहेत, रात्री इटलीकरांची तिथं गर्दी. आणि खायचं म्हणाल तर शाकाहारी माणसानं गोरित्सियात फ्रिको मागवावा, चीज आणि बटाटा एकत्र करून तव्यावर दोन्हीकडनं खरपूस भाजलेला, जाडसर थालीपीठासारखा दिसतो आणि कडेचा कुरकुरीत भाग आधी संपतो. मागवताना मांस घातलंय का तेवढं विचारून घ्या.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, एकच पुरतो, तरी पासपोर्ट खिशात असू दे, पोलीस मधेच कधी तपासतात. नदीवरचा सोल्कानचा रेल्वेपूल चुकवू नका, दगडी कमान तब्बल 85 मीटरची आणि खाली सोचा नदीचं हिरवंगार पाणी. आणि रविवारी जाणार असाल तर स्लोव्हेनियातली बहुतेक दुकानं बंद असतात, खायचं-प्यायचं शनिवारीच घेऊन ठेवा. नाहीतर चौक ओलांडून इटलीत जावा, तिथं कॉफी प्या, पण काउंटरला उभ्यानंच, टेबलावर बसलात की बऱ्याच ठिकाणी बिल वाढतंय.