१८९७ : कायदा, लस आणि उंदरावरची पिसू

श्रोतेहो, आधुनिक इतिहासातील एखादे वर्ष निवडून त्यातील घडामोडी आणि त्याच वर्षातील संशोधन यांचा एकत्र विचार करावा, असे संयोजकांनी सुचविले, तेव्हा मी १८९७ निवडले. शाळेच्या पुस्तकात हे वर्ष आपल्याला रँडच्या वधामुळे भेटते, वैद्यकाच्या इतिहासात हाफकिन यांच्या लशीमुळे भेटते आणि वकिलांना ते साथरोग कायद्यामुळे ठाऊक असते. हे तिन्ही धागे एकाच प्लेगच्या साथीतून निघाले, हे आपण जाणतो, पण ते शेजारी ठेवून क्वचितच वाचतो. तसे वाचले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. या रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडलेला होता. मात्र तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोणालाच सिद्ध करता आलेले नव्हते. या अज्ञानाच्या काळात सरकारने जे केले आणि प्रयोगशाळांनी जे केले, तोच आजचा विषय आहे.

मुंबईत मांडवी भागात रोग्यांना पाहून हा गाठीचा प्लेगच आहे, असे निदान सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगश या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी केले. त्यानंतर काही महिन्यांतच शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती बाहेर पडली आणि गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली. युरोपातील राष्ट्रे मुंबईच्या जहाजांवर आणि मालावर निर्बंध आणू पाहत होती आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिस येथे केवळ प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. परिषदेच्या तोंडावर कलकत्त्यात ज्या घाईने कायदा झाला, तिच्यामागे रोगाच्या भयाइतकेच व्यापाराचे भय होते, असे माझे मत आहे. ४ फेब्रुवारीला मंजूर झालेला हा साथरोग कायदा मुळात अवघ्या चार कलमांचा होता. नेहमीचे कायदे अपुरे आहेत अशी सरकारची खात्री पटली, की सरकारने हवे ते नियम करावेत. ते मोडणाऱ्याला दंडसंहितेखाली शिक्षा व्हावी. आणि सद्भावनेने कारवाई करणाऱ्यावर दावा लावता येऊ नये. रोग म्हणजे काय, तो कसा पसरतो, कोणते उपाय योग्य, यांविषयी त्यात अक्षरही नाही. (२०२० मध्ये करोनाच्या वेळी महाराष्ट्र शासनाने नियम काढले, ते याच कायद्याखाली.)

कायदा होण्याच्या साधारण तीन आठवडे आधी, १० जानेवारीला, भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतःला प्लेगची लस टोचून घेतली होती. ओडेसा येथे जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले हे ज्यू शास्त्रज्ञ १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीच्या लशीचे प्रयोग करीत होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये त्यांना मुंबईला बोलावण्यात आले, तेव्हा वाट्याला आली एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. जंतू मोठ्या प्रमाणात वाढविण्यासाठी त्यांनी मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ झुंबराच्या लोलकांसारखी खाली लोंबू लागे, ती हलवून पाडायची आणि पुन्हा वाढू द्यायची. मग तापवून जंतू मारले, की लस तयार. नंतर इतरांना दिली त्यापेक्षा बरीच मोठी मात्रा त्यांनी स्वतः घेतली. ताप आला, दुखले, पण ते बरे झाले. जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार असलेल्या कैद्यांना लस टोचली गेली आणि न टोचलेल्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. टोचलेल्यांत रोगी आणि मृत्यू दोन्ही स्पष्टपणे कमी आढळले. कैद्याची संमती कितपत खरी मानावी, हा प्रश्न आज आपण विचारू आणि तो विचारलाही पाहिजे. तरीही टोचलेले आणि न टोचलेले असे दोन गट एकाच छपराखाली ठेवून पाहण्याची ही पद्धत त्या काळाच्या मानाने फार पुढची होती.

पुण्याची कथा आपल्याला परिचित असल्याने तिच्याविषयी थोडक्यातच बोलतो. आय. सी. एस. अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाती प्लेग समितीची सूत्रे आली आणि १३ मार्चपासून गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या सुरू झाल्या. रोगी इस्पितळात, घरची माणसे विलगीकरणाच्या छावणीत, सामानाची जाळपोळ, जमिनी उकरणे आणि जंतुनाशकाची फवारणी, असा क्रम होता. त्याच मार्च महिन्यात, १० तारखेला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. टिळक शहर सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदूंसाठी वेगळे इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला आणि पळून गेलेल्या पुढाऱ्यांवर केसरीतून टीका केली. म्हणजे उपाययोजनेलाच त्यांचा विरोध होता, असे म्हणता येत नाही. विरोध होता तो तिच्या अंमलबजावणीतील दांडगाईला. २२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीतून परतताना, दामोदर चाफेकर यांनी रँडवर आणि बाळकृष्ण चाफेकर यांनी लेफ्टनंट आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मरण पावला, रँड ३ जुलैला. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे खटला चालला. सहा युरोपियन ज्युरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्युरर निर्दोष म्हणाले आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. खटला भरला होता तो केसरीतील शिवाजी उत्सवाच्या मजकुरावर; प्लेगवरच्या लेखनावर नव्हे, हे पुष्कळदा विसरले जाते.

आता संशोधनाकडे वळू. त्या वर्षी मुंबई ही प्लेगच्या अभ्यासाची जागतिक पंढरीच झाली होती. हाँगकाँगला जंतू शोधणारे येर्सिन आपले सीरम घेऊन आले, पण त्याचा म्हणावा तसा गुण आला नाही. जर्मन पथकाबरोबर रॉबर्ट कॉख आले, रशियन आले, ऑस्ट्रियन आले. ऑस्ट्रियन पथकाने नेलेल्या जंतूंमुळे १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेतच प्लेग झाला आणि मुंबईहून सुखरूप परतलेले डॉ. हेर्मान म्युलर तिथे रोग्यांवर उपचार करताना दगावले. इतकी विद्वान मंडळी मांडवीच्या गल्ल्यांतून फिरूनही प्रसाराचा मार्ग हाती लागला नाही, कारण बहुतेकांची नजर रोग्यावर, त्याच्या कपड्यांवर आणि घराच्या जमिनीवर खिळलेली होती.

तरी दिशा दाखविणारे दोन पुरावे त्याच वर्षी पुढे आले होते. २० ऑगस्टला सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दिसले, म्हणजे कीटक माणसाचा रोग वाहून नेत असावा, या कल्पनेला भक्कम आधार मिळाला. आणि फोर्मोसात, आजच्या तैवानमध्ये, जपानी संशोधक ओगाता यांनी रोगी उंदरांवरच्या पिसवांत प्लेगचे जंतू असल्याचे दाखवून पिसवांवर बोट ठेवले. पुढच्या वर्षी येर्सिन यांच्या जागी आलेले पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून उंदराकडून उंदराकडे रोग पिसूच नेते, असे दाखविले. पण १८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग आयोगाने ते मानले नाही. मला यात शास्त्रज्ञांच्या बुद्धीपेक्षा प्रशासनाच्या सवयीचा दोष अधिक दिसतो. पिसू खरी मानली असती, तर झडत्या, जाळपोळ आणि छावण्या यांचा मोठा भाग निरर्थक ठरला असता.

याउलट खेड्यापाड्यांतील माणसे काय करीत होती, ते पाहा. घरात उंदीर पडू लागले, की घर सोडून माळावर किंवा मळ्यात झोपड्या घालून राहायचे, हा शहाणपणा लोकांनी अनुभवाने मिळविला होता. झडतीत जमीन उकरली, की बिळातले जिवंत उंदीर शेजारच्या घरात जात, आणि मेलेल्या उंदराला सोडून निघालेली पिसू मिळेल त्या अंगावर चढे. मुंबईत लिस्टन या संशोधकाने आणि नव्या संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत गिनीपिगांच्या साहाय्याने हे सारे पायरीपायरीने सिद्ध केले, ते १९०५ नंतर. उंदीर पडताच घर सोडण्याच्या रयतेच्या रीतीला तेव्हा कुठे शास्त्राचा आधार मिळाला, आणि तोवर हिंदुस्थानात प्लेगने मेलेल्यांची संख्या काही दशलक्षांवर गेली होती.