लडाखचं लाल आकाश आणि साताऱ्याच्या डोक्यावरचा उजेड

नमस्कार मंडळी, आत्ता मी साताऱ्यात टेकडीवरच्या चार भिंती स्मारकापाशी उभाय, रात्रीचे नऊ वाजून गेलेत, वारं लय सुटलंय त्यामुळं माईकमध्ये घरघर येईल तेवढी सांभाळून घ्या. खाली साताऱ्याचे लाईट दिसतायत आणि वर काय, काळं आभाळ, थोड्या चांदण्या. पण या काळ्यात आत्ता लाल उजेड आहे, खराखुरा, आणि आजचा व्हिडिओ त्याच्यावरच.

मे २०२४ आठवतोय ना, १० तारखेची रात्र. सूर्यावर लागोपाठ स्फोट झाले होते, २००३ नंतरचं सगळ्यात मोठं चुंबकीय वादळ पृथ्वीवर येऊन धडकलं आणि लडाखमध्ये हानले गावच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यात क्षितिजावर लाल आभाळ आलं. सगळीकडं ऑरोरा ऑरोरा चाललेलं, म्हंजे ध्रुवांकडं रात्री आभाळात दिसतो तो रंगीत उजेड, पण हानलेच्या त्या लाल उजेडाला शास्त्रज्ञांनी नाव दिलं स्टेबल ऑरोरल रेड आर्क, शॉर्टमध्ये सार आर्क. नॉर्वेतले ऑरोराचे हिरवे पडदे नाचतात, हा नाचत नाही. पूर्व-पश्चिम हजारो किलोमीटर पसरलेला शांत पट्टा, साधारण ४०० किलोमीटर उंचीवर, आणि इतका मंद की नुसत्या डोळ्याला बहुतेक वेळा कळतच नाही. १९५६ मध्ये फ्रान्समध्ये बार्बिए यांनी पहिल्यांदा पकडला तोही उपकरणानंच.

आता हा पेटतो कसा ते बघा. आपल्याकडं गुऱ्हाळावर चुलवाणात लोखंडी सळई घालून जाळ सारतात, जाळ त्या टोकाला असतो पण थोड्या वेळानं हातातलं टोक चटका देतंय, बरोबर? वादळात पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर वर गरम कणांचा एक पट्टा तयार होतो, रिंग करंट म्हणतात त्याला, ते झालं चुलवाण. आणि पृथ्वीच्या चुंबकीय रेषा म्हंजे सळई. ती धग रेषांवरनं खाली उतरते, वरच्या हवेतले इलेक्ट्रॉन तापतात आणि ते ऑक्सिजनच्या अणूंना धक्के देतात. हिरवा रंग काढायला लागणारी ताकद या इलेक्ट्रॉनांत सहसा नसतेच, लाल काढण्यापुरती असते, म्हणून पट्टा निव्वळ लाल.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, धक्का बसलेला अणू लगेच उजेड देत नाही, जवळजवळ दोन मिनिटं थांबतो! तेवढ्यात दुसरा कण येऊन आपटला की ती ऊर्जा गेली, उजेड नाही. खाली दाट हवेत कुणी दोन मिनिटं निवांत राहूच शकत नाही, म्हणून हा लाल रंग २०० किलोमीटरच्या वरच.

मग साताऱ्यात दिसेल का? सार आर्क, नाही. हानले इथनं सरळ रेषेत १७०० किलोमीटरच्या आसपास आणि तिथंसुद्धा तो क्षितिजाला टेकलेला होता. पण तोच ऑक्सिजन, तोच ६३० नॅनोमीटरचा लाल रंग, आपल्या डोक्यावर रोज रात्री असतो, वादळ असो नसो. दिवसा उन्हानं वरच्या हवेचा प्लाझ्मा झालेला असतो, म्हंजे कणांतनं इलेक्ट्रॉन सुटलेले असतात, रात्री तो परत जुळत जातो आणि त्यातनं हा उजेड येतो. एअरग्लो. कोल्हापूरहून ऑल-स्काय कॅमेऱ्याला, म्हंजे अख्खं आभाळ एकदम टिपणाऱ्या कॅमेऱ्याला, नेमका याच लाल रंगाचा फिल्टर लावून याचे फोटो घेतलेत, म्हंजे आपल्याच आभाळाचे.

त्या फोटोत काळे पट्टे दिसतात. सूर्य मावळला की खालचा प्लाझ्मा लवकर विरतो, वरचा दाट राहतो, मग खालनं विरळ बुडबुडे वर घुसतात, काहिलीत रस उकळताना येतात तसे, फक्त शेकडो किलोमीटरचे. विरळ म्हणून तिथं उजेड कमी, तेच हे काळे पट्टे. तिथनं येणारा जीपीएसचा सिग्नल चांदणीसारखा लुकलुकतो, कधी तुटतोसुद्धा. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे जास्त, आणि वेळ साधारण हीच, अंधार पडल्यापासनं मध्यरात्रीपर्यंत. दक्षिण-उत्तर लांबलेले ते पट्टे पूर्वेला सरकतात, कोकणातनं निघाले की आपल्या डोक्यावरनं तासाभरात सोलापूरकडं.