खुंटी अडकलेला रेडिओ

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवर स्टेशन जरा सरकलं, खरखर यायला लागली, की आपला हात आपोआप खुंटीकडे जातो. केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि आवाज स्वच्छ. आता असा रेडिओ डोळ्यांसमोर आणा, ज्याची खुंटी अडकून बसली आहे. त्याला एकाच जागचं ऐकू येतं, आणि ती जागाही थंडी-उष्णतेनं हलते. घरात असता तर आपण तो केव्हाच भंगारात दिला असता. पण हा रेडिओ नासाच्या व्हॉयेजर 2 या अंतराळयानावर आहे, आणि 1978 च्या एप्रिलपासून तो याच अवस्थेत पृथ्वीचं ऐकतो आहे.

यान सुटलं 20 ऑगस्ट 1977 ला. त्याचं जुळं भावंड, व्हॉयेजर 1, निघालं 5 सप्टेंबरला. पुढच्या वर्षी सगळ्यांचं लक्ष व्हॉयेजर 1 च्या एका दुखण्याकडे लागलं होतं, आणि त्या धांदलीत व्हॉयेजर 2 ला आठवडाभर एकही आज्ञा पाठवली गेली नाही. यानाला शिकवून ठेवलं होतं, की असं झालं तर आपला रिसीव्हर, म्हणजे आज्ञा ऐकणारा रेडिओ, बिघडलाय असं समजायचं आणि राखीव रिसीव्हरवर जायचं. ते गेलं. राखीव रिसीव्हरमधला कपॅसिटर, म्हणजे सूर जुळवायला लागणारा एक सुटा भाग, निकामी निघाला. घाईघाईनं मुख्य रिसीव्हर पुन्हा सुरू केला, तर तो थोड्याच वेळात कायमचा बंद पडला. उरला तो हा अडकलेल्या खुंटीचा.

पृथ्वी फिरत असते, यान धावत असतं, त्यामुळे आपण पाठवलेल्या लहरींची वारंवारता तिथे पोचेपर्यंत बदलते. चांगला रिसीव्हर तिच्यामागे स्वतःच सरकतो. याला ते जमत नाही. म्हणून पृथ्वीवरची माणसं आधी हिशेब मांडतात: यान किती वेगानं जातंय, त्याच्या पोटातलं तापमान काय, म्हणजे नेमका कुठला सूर लावला की तो त्याच्या कानावर पडेल. ऐकणाऱ्याला खुंटी फिरवता येत नाही, तर बोलणारा आपला सूर जुळवून घेतो. असल्या कानावर विसंबून हे यान 1986 ला युरेनसपाशी आणि 1989 ला नेपच्यूनपाशी गेलं. त्या दोन ग्रहांच्या जवळून आजवर दुसरं एकही यान गेलेलं नाही.

आणि मुळात त्याचं काम गुरू आणि शनी एवढंच होतं. पाच वर्षांचं.

अपेक्षेपेक्षा जास्त जगलेली यानं आणखीही आहेत. मंगळावरची ऑपर्च्युनिटी गाडी 90 दिवसांसाठी उतरवली होती, ती 2004 पासून 2018 पर्यंत चालत राहिली. आपलं मंगळयान सहा महिन्यांच्या बोलीवर गेलं आणि आठ वर्षं मंगळाभोवती फिरलं. त्याचा अभिमान मला आहेच. पण व्हॉयेजरची गोष्ट निराळी, कारण तिथे यानाबरोबर माणसांचीही हयात गेली. एड स्टोन 1972 साली या मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ झाले आणि 2022 पर्यंत त्या पदावर राहिले. 2024 मध्ये ते वारले, तेव्हा दोन्ही यानं काम करत होती.

म्हणून ही यानं ‘टिकली’ म्हणण्यापेक्षा ती ‘सांभाळली गेली’ म्हणावं, असं मला फार वाटतं. त्यांच्या घरखर्चाचंच बघा. वीज येते ती प्लुटोनियमच्या उष्णतेपासून. निघताना सुमारे 470 वॅट मिळत होती, आणि ती दरवर्षी साधारण चार वॅटनं घटते. कमाई घटत चाललेल्या घरात जे होतं तेच तिथे झालं. आधी कॅमेरे गेले. 14 फेब्रुवारी 1990 ला व्हॉयेजर 1 नं मागे वळून ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या पृथ्वीचा तो फोटो काढला आणि त्यानंतर लगेच त्याचे डोळे मिटले. मग एकेक हीटर, एकेक उपकरण. 2019 मध्ये व्हॉयेजर 2 वरच्या वैश्विक किरण मोजणाऱ्या उपकरणाचा हीटर बंद करावा लागला. त्याचं तापमान उणे 59 अंशांवर गेलं. प्रयोगशाळेत त्याची परीक्षा उणे 45 पर्यंतच झाली होती. तरी आकडे येत राहिले.

2023 च्या नोव्हेंबरात व्हॉयेजर 1 बरळायला लागलं. लहर येत होती, पण तिच्यात अर्थ नव्हता, तोच तोच एक आणि शून्यांचा साचा. ही यानं जिथून सांभाळली जातात, त्या अमेरिकेतल्या पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत महिनोन् महिने शोध चालला. अखेर सापडलं, की स्मृतीतली एक चिप मेली आहे आणि यानाची माहिती जुळवणाऱ्या संगणकाच्या प्रणालीचा काही भाग तिच्यात होता. चिप बदलायला कोण जाणार? तो भाग दुसरीकडे हलवावा, तर सगळा एका जागी मावेल एवढी मोकळी जागाच कुठे नव्हती. दोन्ही यानांतल्या प्रत्येकाची सगळी स्मृती मिळून 70 किलोबाइटसुद्धा नाही. मग त्यांनी त्या भागाचे तुकडे केले, सापडेल त्या फटीत एकेक बसवला आणि तरी सगळे मिळून एकच काम करतील अशी जोडणी केली. 18 एप्रिल 2024 ला आज्ञा निघाली. जायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस तास. 20 एप्रिलला, पाच महिन्यांनी प्रथमच, यानानं आपली प्रकृती नीट शब्दांत कळवली. त्या खोलीतला फोटो मी पाहिला आहे. लांबट टेबलाभोवती बसलेली माणसं हात उंचावून आनंदानं ओरडताहेत. मला तो फोटो पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो.

दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तिच्यात 55 भाषांतली अभिवादनं आहेत आणि त्यांत एक मराठी आहे. ते ‘नमस्कार’ या शब्दानंच सुरू होतं. आणि गोव्यातल्या केरीच्या, सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. कुठे जातोस, हा प्रश्न घेऊनच ती यानं निघाली. व्हॉयेजर 1 सुटल्यानंतर अकराव्या दिवशी, 16 सप्टेंबर 1977 ला, केसरबाई गेल्या. व्हॉयेजर 1 हे यान 2012 साली सूर्याच्या वाऱ्याची, म्हणजे सूर्यातून वाहणाऱ्या कणांच्या झोताची, हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या प्रदेशात शिरलं.

त्याचा रेडिओ 23 वॅटचा आहे, एखाद्या छोट्या दिव्याएवढा. इथे पोचेपर्यंत त्याचं काय उरतं? एका वॅटचे अब्ज भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा अब्ज भाग करा. 70 मीटर व्यासाच्या अँटेनालाही त्यातल्या एका भागाइतकंसुद्धा मिळत नाही. तरी ते ऐकलं जातं.

पावसाळ्याच्या तोंडावर रात्री आभाळ मोकळं असेल तर दक्षिणेला वृश्चिक बघा. त्याच्या वरच्या अंगाला भुजंगधारी तारकासमूह आहे. व्हॉयेजर 1 त्या दिशेला आहे. दिसणार नाही. पण काल साधारण याच सुमारास तिथून निघालेला आवाज आत्ता, आपण बोलतोय तेव्हा, पृथ्वीपाशी येत असेल.