महासभा की अधिवेशन?

(ठाण्यातील नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

सुरुवात नाल्यापासून करतो. नौपाड्यात येण्याआधी मी ठाण्यातच दुसऱ्या भागात राहत होतो. सोसायटीच्या मागून नाला जायचा. एका वर्षी जून संपत आला तरी त्यातला गाळ निघाला नव्हता, आणि दोन इमारतींच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. आम्ही पाच-सहा जण नगरसेवकांच्या कार्यालयात गेलो. तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला, "काका, साहेब अधिवेशनात आहेत." आमचे नगरसेवक मधल्या काळात आमदार झाले होते आणि नगरसेवकपद त्यांनी सोडलं नव्हतं. कायद्याने सोडायची गरजही नव्हती. माणूस वाईट नव्हता. पुढच्या आठवड्यात भेटले, सगळं ऐकून घेतलं, आमच्यासमोर अधिकाऱ्याला फोन लावला. पण तोवर पाणी येऊन गेलं होतं, आणि तळमजल्यावरच्या आजींचा संसार भिजला होता.

तेव्हापासून एकाच माणसाने आमदार आणि नगरसेवक असण्याचा हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही.

एकाच वेळी दोन लोकनियुक्त पदं धरता येत नाहीत, असं आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं. वरच्या मजल्यावर, म्हणजे संसदेत आणि विधिमंडळात, ते खरं आहे. राज्यघटनेचं कलम १०१ सांगतं, की लोकसभा आणि राज्यसभा दोन्हींत एकच माणूस बसू शकत नाही, आणि संसदेत व विधिमंडळातही एकाच वेळी बसू शकत नाही. कलम १९० विधानसभा आणि विधान परिषदेबद्दल तेच सांगतं.

कलम १०१ च्या दुसऱ्या पोटकलमाकडे जरा नीट बघा. आमदार खासदार म्हणून निवडून आला, तर १९५० च्या नियमांप्रमाणे त्याला १४ दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने आमदारकीचा राजीनामा दिला नाही तर काय होतं? आपल्याला वाटतं मोठं पद राहील आणि धाकटं जाईल. तसं होत नाही. संसदेतली जागा रिकामी होते! घटनाकारांनी असं का ठेवलं असावं, यावर मी बराच विचार केला. मला दिसतो तो अर्थ असा, की ज्या लोकांनी आधी निवडून दिलं त्यांचं देणं आधी. तुम्हाला पुढे जायचं असेल तर त्यांना तसं उघड सांगा, लेखी सांगा आणि मग जा. गप्प राहाल, तर जुन्या मतदारांचे राहाल.

आपल्या शहरानेही हे पाहिलं आहे. २०१४ मध्ये ठाणे शहराचे आमदार राजन विचारे ठाण्याचे खासदार झाले आणि आमदारकी सोडावी लागली. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक होईपर्यंत शहराची ती जागा रिकामी होती. गैरसोय झाली, पण दोन्ही सभागृहांत एकच माणूस, असं झालं नाही.

या नियमालाही फट आहे, आणि तिने देशाचं सरकार पाडलं. १७ एप्रिल १९९९. वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव. २६९ विरुद्ध २७०. विरोधात मत देणाऱ्यांत गिरिधर गमांग होते. दोन महिन्यांपूर्वीच, फेब्रुवारीत, ते ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण कोरापूटची खासदारकी त्यांनी सोडली नव्हती. त्यांनी मत द्यावं की नाही, हे लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी यांनी गमांग यांच्याच सदसद्विवेकबुद्धीवर सोपवलं. कायद्याचा भंग झाला का? नाही. कलम १६४ प्रमाणे विधिमंडळाचा सदस्य नसलेला माणूस सहा महिने मंत्री राहू शकतो. गमांग तेव्हा आमदार नव्हतेच, म्हणून दोन सदस्यत्वांची बंदी त्यांना लागूच झाली नाही. बंदी दोन सदस्यत्वांना आहे, दोन जबाबदाऱ्यांना नाही. सरकार कोणाचं पडलं याच्याशी मला देणंघेणं नाही. एका राज्याचा कारभार चालवणारा माणूस त्याच दिवशी केंद्र सरकारचं भवितव्य मताने ठरवतो, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

दोन मतदारसंघांतून उभं राहण्याबद्दल थोडक्यात. १९९६ च्या दुरुस्तीपासून जास्तीत जास्त दोन जागा लढवता येतात आणि दोन्ही जिंकल्या तर एक सोडावी लागते. २०१४ मध्ये नरेंद्र मोदींनी वडोदरा सोडलं, २०२४ मध्ये राहुल गांधींनी वायनाड सोडलं. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात एक उमेदवार, एक जागा अशी शिफारस केली. ती झाली तर मला आनंदच आहे, पण आपलं दुखणं वेगळं आहे.

आपलं दुखणं खालच्या मजल्यावर, म्हणजे महापालिकेत, आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात नगरसेवकाने आमदार असू नये, अशी अट नाही. मनोहर जोशी १९७६ मध्ये मुंबईचे महापौर झाले तेव्हा विधान परिषदेचे सदस्य होते. छगन भुजबळ १९८५ मध्ये आमदारही झाले आणि महापौरही. दोघांनी काहीही चोरून केलं नाही. रीतच तशी होती, आणि ती अजून आहे.

यात बिघडतं काय? पहिली गोष्ट वेळ. महापालिकेच्या अंदाजपत्रकावर चर्चा होते फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. राज्याचं अर्थसंकल्पीय अधिवेशनही त्याच सुमाराला. पावसाळी अधिवेशन भरतं तेव्हा इथे धोकादायक इमारतींना नोटिसा गेलेल्या असतात, नाले तुंबलेले असतात. हिवाळी अधिवेशन नागपूरला. म्हणजे प्रभागाला माणूस लागतो नेमका तेव्हाच तो दुसऱ्या सभागृहात असतो. शिवाय आपल्याकडे प्रभाग चार-चार नगरसेवकांचे. २०१७ मध्ये ठाण्यात १३१ नगरसेवक ३३ प्रभागांतून निवडून आले. चौघांत आधीच "हे माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे जा" चालतं. त्यातला एक विधानभवनात असला, की उरतं काय?

दुसरी गोष्ट मला वेळेहून गंभीर वाटते. महासभेने, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेने, केलेला ठराव राज्य सरकार त्याच अधिनियमाच्या कलम ४५१ खाली निलंबित करू शकतं, विखंडित म्हणजे रद्द करू शकतं. विकास आराखडा महापालिका करते, मंजुरी राज्य सरकार देतं. आयुक्त राज्य सरकार पाठवतं. म्हणजे या दोन सभागृहांत तपासणारा आणि तपासला जाणारा असं नातं आहे. महासभेत हात वर करणारा माणूस त्याच प्रश्नावर मंत्रालयाला जाब कोणत्या तोंडाने विचारणार? आणि विधान परिषद बघा. तिच्या ७८ जागांपैकी ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक संस्थांचे सदस्य निवडतात. दोन्ही पदं असलेल्याला दोन्ही दारांतून मत.

यावर मला नेहमी सांगितलं जातं, की आमदार नगरसेवक असला तर प्रभागाला निधी जास्त मिळतो आणि पोटनिवडणुकीचा खर्च वाचतो. खर्चाचा मुद्दा मी मान्य करतो, पोटनिवडणूक फुकट होत नाही. निधीचा मान्य करत नाही. आमदाराचा निधी साऱ्या मतदारसंघाचा असतो. तो एकाच प्रभागात जास्त जात असेल, तर शेजारच्या प्रभागाने कुणाचं काय बिघडवलं?

दिल्लीत ही व्यवस्था वेगळी आहे. तिथल्या मुख्यमंत्री रेखा गुप्ता २०२५ मध्ये आमदार झाल्या तेव्हा नगरसेविका होत्या. ती जागा रिकामी झाली आणि नोव्हेंबरमध्ये शालिमार बागच्या त्या प्रभागात पोटनिवडणूक झाली. फ्रान्समध्ये तर महापौर आणि खासदार एकच असणं ही शतकभराची सवय होती. जाक शिराक १९७७ ते १९९५ पॅरिसचे महापौर होते आणि त्यातली दोन वर्षं देशाचे पंतप्रधानही होते. तिथे २०१४ मध्ये कायदा झाला आणि २०१७ पासून खासदाराला महापौर राहता येत नाही. सेनेटने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाने, विरोध केला होता. खासदारांचा गावाशी संबंध तुटेल, हा त्यांचा आक्षेप होता. तो मी हलक्यात घेत नाही. पण आमदाराचा ठाण्याशी संबंध राहायला त्याने महासभेतली खुर्ची अडवून ठेवण्याची गरज नाही.

आपल्याला घटनादुरुस्ती नको आहे. कलम २४३-व प्रमाणे नगरसेवकाची अपात्रता राज्याच्या कायद्याने ठरवता येते. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० मध्ये एक पोटकलम पुरेल: नगरसेवक संसदेवर किंवा विधिमंडळावर निवडून आला, तर १४ दिवसांनी त्याची महापालिकेतली जागा रिकामी होईल. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने दुहेरी पदांवर बंदी आणली तेव्हा १ फेब्रुवारी २००८ ला दोन्ही पदांवर असलेल्यांना तसंच चालू ठेवू दिलं. आपले आमदार तेवढी सवलत मागतील, तर मी स्वतः ती मान्य करीन. आज बसलेल्यांना उठवण्याचा माझा हट्ट नाही, पुढच्या निवडणुकीपासून तरी लागू करा.

या पोटकलमाचा मसुदा आणि जिल्ह्यातल्या सर्व आमदारांना द्यायचं पत्र बाहेरच्या टेबलावर ठेवलं आहे. वाचा, चुका दाखवा, पटलं तर सही करा. आता प्रश्न घेऊ.