पहिली वस्तू कागदाची असू द्या

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावात शेजारी एक बापू राहायचे. मराठा पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आलेले. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत, फेट्याच्या घडीखाली, एक बक्कल असायचं. कंबरपट्ट्याचं, पोलादी, हिरवट करडा रंग उडालेलं. मध्ये गरुड, त्याच्या पंजात वाकड्या टोकांचं चिन्ह, आणि भोवती कोरलेली तीन अक्षरं, म्हणजे तीन शब्द: गॉट मिट उन्स. देव आमच्यासोबत आहे. मी दहा वर्षांचा असेन. ते बक्कल हातात घेतलं तेव्हाच माझ्या छंदाची सुरुवात झाली.

आज मी बोलणार आहे ते अशाच वस्तूंबद्दल. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याची पदकं, बिल्ले, हेल्मेट, पत्रं. तरुण मुलं मला विचारतात, आपला आणि याचा काय संबंध? संबंध आहे. यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. नामदेव जाधवांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीच्या काठी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन ओलांडून आणलं, आणि मग तीन ठाणी निकामी केली. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. घाडगे यांचा पुतळा माणगावला आहे. समोर जे सैन्य होतं त्याच्या वस्तू आपल्या घरांतल्या ट्रंकांमध्ये आल्या त्या अशा.

बक्कलावरच्या त्या चिन्हाबद्दल आधीच बोलतो. आपल्या उंबऱ्यावर, वहीच्या पहिल्या पानावर, नारळाच्या कलशावर स्वस्तिक असतं. बक्कलावरचं चिन्ह नाझींचं. जर्मन लोक त्याला हाकेनक्रॉइत्स म्हणतात, वाकड्या टोकांचा क्रूस. साठ लाख ज्यूंचा संहार त्या चिन्हाखाली झाला. संग्रह करणाऱ्याने ती वस्तू कपाटात पुराव्यासारखी ठेवावी, भिंतीवर सजावट म्हणून लावू नये. ज्याला त्या चिन्हाचं आकर्षण वाटतं त्याने हा छंद धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. परदेशात राहणाऱ्या श्रोत्यांनी कायदाही पाहावा. जर्मनीत फौजदारी संहितेच्या कलम 86अ प्रमाणे हे चिन्ह जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे, म्हणून तिथले लिलाववाले छापील यादीत ते झाकतात. ऑस्ट्रेलियात जानेवारी 2024 पासून अशा वस्तूंच्या व्यापारावरही बंदी आली आहे. आणि भारतातल्या नवशिक्याने संगीन, खंजीर, काडतूस यांच्या वाटेला जाऊच नये. शस्त्र कायदा आणि कस्टम यांच्यात अडकून छंदाचा आनंद राहत नाही.

आता फसवणुकीबद्दल. या क्षेत्रात नकली माल अस्सलपेक्षा सहज मिळतो. युद्ध संपल्यापासूनच तो बनतो आहे, म्हणजे काही नकली पदकंसुद्धा आता साठ-सत्तर वर्षांची झाली आहेत. त्यांच्यावर खरा गंज चढलेला असतो, खरी धूळ असते. जुनं दिसतं म्हणून खरं, हा हिशेब इथे चालत नाही.

मी पहिला आयर्न क्रॉस, म्हणजे जर्मन सैन्याचं शौर्यपदक, विकत घेतला तेव्हा विकणाऱ्याने मला अर्धा तास एक हकीकत ऐकवली. आफ्रिकेचं वाळवंट, शरण आलेला अधिकारी, आजोबांना दिलेली भेट. मी ती हकीकत विकत घेतली. घरी येऊन भिंगाखाली पाहिलं तर अख्खं पदक एकाच साच्यात ओतलेलं. त्या एका पदकाने मला जेवढं शिकवलं तेवढं नंतरच्या दहा खऱ्यांनी शिकवलं नाही, कारण त्यानंतर मी वस्तू बघायला लागलो.

तर आयर्न क्रॉस कसा बघायचा? हे पदक मूळचं प्रशियाचं, 1813 चं, नेपोलियनविरुद्धच्या लढाईतलं. मग 1870, 1914 आणि 1939 अशा तीन वेळा ते पुन्हा सुरू झालं. 1939 च्या दुसऱ्या वर्गाच्या पदकावर पुढे खाली 1939 आणि मागे 1813 असतं. ते तीन भागांचं असतं: मध्ये काळा केलेला लोखंडी गाभा, आणि पुढून-मागून दोन चंदेरी चौकटी, कडेला झाळून जोडलेल्या. भिंगाखाली कडेवर तो सांधा शोधायचा. बहुतेक खऱ्या पदकांच्या गाभ्याला लोहचुंबक चिकटतं. फितीच्या कडीवर कधी बनवणाऱ्याचा क्रमांक असतो, कधी नसतो. नसला म्हणून खोटं नाही, असला म्हणून खरंही नाही. आणखी एक: 1957 च्या कायद्याने पश्चिम जर्मनीत जुन्या सैनिकांना हाकेनक्रॉइत्सशिवाय पदकं लावायची मुभा मिळाली. त्या आवृत्तीवर मध्ये ओकची पानं आहेत. ती नकली नव्हे, पण युद्धकाळातलीही नव्हे. विकणारा हे सांगेलच असं नाही.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. 1935, 1940 आणि 1942 असे तीन मुख्य नमुने. पहिल्यात हवेच्या भोकाला वेगळी चकती बसवलेली, दुसऱ्यात ते भोक पत्र्यातच उठवलेलं, तिसऱ्यात खालची कड न वळवता तशीच सोडलेली. आत डाव्या बाजूला कारखान्याची अक्षरं आणि माप ठोकलेलं असतं. बाहेरची चित्रं मात्र आजही घरबसल्या चिकटवता येतात. म्हणून चित्र नसलेलं हेल्मेट घ्यावं, ते स्वस्तही पडतं. युद्धाच्या उत्तरार्धात तशीच हेल्मेटं दिली जात होती.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. पहिली वस्तू धातूची नको, कागदाची घ्या.

युद्धात जर्मन सैनिक आणि त्यांची घरं यांच्यात अब्जावधी पत्रं गेली. त्याला फेल्डपोस्ट म्हणतात. साधं पत्र फुकट जायचं, म्हणून लोक भरभरून लिहायचे. ती एवढी आहेत की एका साध्या पत्राची नक्कल करणं कुणालाच परवडत नाही. पाकिटावर पलटणीचं नाव नसतं, गुप्ततेसाठी फक्त पाच आकडी क्रमांक असतो. ते क्रमांक कोणत्या तुकडीचे होते याच्या याद्या नंतर छापल्या गेल्या. म्हणजे चहाच्या किमतीला नव्हे, पण एका चांगल्या जेवणाच्या किमतीला मिळालेलं पाकीट घेऊन तुम्ही तो माणूस त्या तारखेला कोणत्या तुकडीत होता ते शोधू शकता. हस्ताक्षर वाचायला कठीण जातं. जुन्या वळणाची जर्मन लिपी आजच्या जर्मन मुलांनाही येत नाही, जशी आपल्याला मोडी येत नाही. पण ज्यांनी मोडी शिकण्यासाठी दोन महिने दप्तरं चाळली आहेत त्यांना ही वाटचाल ओळखीची वाटेल. आधी तारीख लागते, मग नाव, मग एके दिवशी अख्खी ओळ लागते. माझी पहिली लागलेली ओळ होती, सफरचंदं उतरवून घ्या, पाऊस येण्याआधी.

पत्रांच्या पुढची पायरी म्हणजे सोल्डबुख, सैनिकाने सतत अंगावर बाळगायची पगाराची वही. तिच्यात पगार, मिळालेले कपडे, टोचलेल्या लशी, दवाखान्यातले दिवस, पदकं, सगळ्याच्या नोंदी. वेगवेगळ्या हातांच्या, वेगवेगळ्या शाईच्या. बनावट वहीत पुष्कळदा एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहिलेलं दिसतं. युद्धानंतरच्या कागदांत आणि धाग्यांत पांढरेपणासाठी जी रसायनं सर्रास आली ती अतिनील दिव्याखाली निळी चमकतात. नोटा तपासायचा छोटा दिवा पुरतो. बिल्ल्यांच्या धाग्यालाही हीच परीक्षा लावा.

आपल्याकडच्या मंडळींना एका वस्तूबद्दल विशेष सावध करतो. जर्मनीत भारतीय युद्धकैद्यांमधून उभी राहिलेली नेताजींची इंडियन लीजन, तिचा बाहीवरचा बिल्ला: तिरंग्यावर झेप घेणारा वाघ आणि वर फ्रायेस इंडिएन, म्हणजे स्वतंत्र भारत, ही अक्षरं. तो आपल्याला हवासा वाटतो, आणि हे नकला करणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. लीजनमध्ये माणसंच जेमतेम काही हजार होती. बाजारात दिसणारे बिल्ले, आझाद हिंदची पदकं, यांतली फार मोठी संख्या नंतर घडवलेली आहे. पहिल्या पाच वर्षांत हा बिल्ला घेऊ नका.

आणि एक वस्तू कधीच घेऊ नका. सैनिकाच्या गळ्यातली ओळखीची चकती. जस्ताची किंवा अॅल्युमिनियमची, लांबट गोल, मध्ये चिरा पाडलेली. दोन्ही अर्ध्यांवर तोच मजकूर. माणूस मेला की खालचा अर्धा तोडून कळवायला पाठवायचा, वरचा देहासोबत ठेवायचा. म्हणून जमिनीतून उकरलेली अखंड चकती बघितली की माझा हात थांबतो. बहुधा त्याचा मृत्यू कुणी कळवलाच नाही. देह अजून तिथे असेल, आणि त्याचं नाव या चकतीशिवाय कुणाला कळणार नाही. 1919 साली स्थापन झालेली फोल्क्सबुंड ही जर्मन संस्था आजही असे देह शोधून दफन करते. अशी चकती हाती आलीच तर मजकूर नीट टिपून त्यांना कळवा.

जपणूक सोपी आहे, फक्त हात आवरायला हवा. पितांबरी नको, चिंच नको, चामड्याला खोबरेल तेल तर अजिबात नको. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत चामड्याला बुरशी आणि जस्ताला पांढरी पूड धरते, तेव्हा बंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा. पत्रं आम्लविरहित कागदात, आडवी.

बापू गेल्यानंतर त्यांच्या मुलाने ते बक्कल माझ्या हवाली केलं. मागच्या चामडी जिभेवर भिंगाने पाहिलं तर पुसट 1940 दिसतं. डब्यात मी एक चिठ्ठी ठेवली आहे, दोन रकान्यांची. डाव्या रकान्यात लिहिलंय: पोलादी, चामड्यावर 1940. उजव्या रकान्यात: बापूंच्या सांगण्यावरून, सेनिओच्या काठी मिळालं, दुसऱ्या दिवशी सकाळी.