कान टवकारले, हात थांबला

श्रोतेहो, नमस्कार. जर्मन शिकायला बसलं की 'आउफह्योरन' हे क्रियापद लवकरच भेटतं. अर्थ : थांबणं, बंद करणं. मीही तो मुकाट्याने पाठ केला होता. पण 'ह्योरन' म्हणजे ऐकणं आणि 'आउफ' म्हणजे वर. मग 'वर ऐकणं' म्हणजे थांबणं, हे कसं?

उत्तर मध्ययुगातल्या जर्मनमध्ये आहे. 'आउफ' तेव्हा 'ऊफ' होता, जसं आजचं 'हाउस', म्हणजे घर, तेव्हा 'हूस' होतं. आणि 'ऊफह्योरन' म्हणजे मान वर करून ऐकणं, आपल्या भाषेत कान टवकारणं. एखादा सुतार डोळ्यांपुढे आणा. फळीवर रंधा सरसर चाललाय, भुसा उडतोय. बाहेरून कुणीतरी हाक मारतं. तो मान वर करतो आणि हातातला रंधा जागीच थांबतो, कारण त्या आवाजात हाक नीट कशी ऐकू येणार? या क्रियापदाचं पुढे तेच झालं. ऐकणं विरत गेलं, थांबणं तेवढं उरलं. आज जर्मन माणूस पाऊस थांबला हेसुद्धा याच क्रियापदाने सांगतो. पावसाला कान कुठले! कान टवकारण्यासाठी आता 'आउफहोर्खन' हे वेगळं क्रियापद आहे.

हान्सा म्हणजे उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांचा मध्ययुगीन संघ. त्याच्या व्यापाऱ्यांच्या काळात उत्तरेकडच्या जर्मन बोलीतून हा शब्द डॅनिश आणि स्वीडिशमध्येही गेला. तिथेही अर्थ थांबण्याचाच.

आपण 'हा मुलगा ऐकतच नाही' म्हणतो, तेव्हा त्याचे कान शाबूत असतात, तो बोलणं मानत नाही इतकंच. जर्मनमध्येही आज्ञा पाळणं म्हणजे 'गेहोर्खन', ऐकण्याच्याच कुळातलं. तिथवर आपण आणि ते बरोबर आहोत. ऐकण्यातून थांबण्याकडे जाणारी वाट मात्र मला मराठीत सापडत नाही.

आणखी एक गंमत. वाक्यात हा 'आउफ' क्रियापदापासून सुटून शेवटी जाऊन बसतो. आपल्याला हे नवं वाटू नये. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात 'स देवाँ एह वक्षति' आहे. 'एह' म्हणजे 'आ' अधिक 'इह'. तिथे 'आ' हा उपसर्ग आणि 'वक्षति' हे क्रियापद यांच्यामध्ये 'इह' येऊन बसलाय.

दंगा करणाऱ्या पोराला जर्मन आई ओरडते, "ह्योर आउफ!" म्हणजे, पुरे आता. पण शब्द सुटे करून पाहिले, तर ती अजूनही आधी 'ऐक' म्हणते.